हलकी कॅमेरा बॅग घेताय? या चुका टाळा

ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्यातला मुक्काम आटोपून सासवडकडे निघते, तो दिवस पायांची परीक्षा पाहणारा. तीसएक किलोमीटरची चाल आणि वाटेत दिवे घाट. या टप्प्यावर पहिल्यांदा फोटो काढायला गेले तेव्हा माझ्या खांद्यावर जाडजूड फोमची, भरपूर कप्प्यांची बॅग होती. हडपसर ओलांडेपर्यंत काही जाणवलं नाही. घाटाच्या पायथ्याशी मानेपासून खांद्यापर्यंत ठणका सुरू झाला. खालच्या वळणावर दिंड्यांच्या पताका दिसायला लागल्या, तेव्हा मी बॅग दगडावर टेकवून खांदा चोळत बसले होते. ज्या फोटोसाठी गेले होते तो डोळ्यांसमोरून चालत निघून गेला.

घरी आल्यावर सगळं काट्यावर ठेवलं. निकॉन डी७५० कॅमेरा बॅटरीसह ८४० ग्रॅम, २४-१२० एमएमची लेन्स ७१० ग्रॅम, दूरचं टिपणारी मोठी ७०-२०० एफ/२.८ लेन्स म्हणजे १५४० ग्रॅम. नुसती बॅग १४०० ग्रॅम. त्यात लिटरभर पाणी, जादा बॅटरी, चार्जर, रेनकव्हर. बेरीज पावणेसहा किलोच्या घरात गेली, आणि ते सगळं एका खांद्यावर.

पुढच्या वारीला ६०० ग्रॅमची साधी बॅग घेतली. तोच कॅमेरा, तीच २४-१२०, आणि मोठ्या लेन्सऐवजी १८५ ग्रॅमची ५० एमएम एफ/१.८. सव्वादोन किलोच्या थोडं वर. पाण्याची बाटली कमरेला. त्या दिवशी सासवडपर्यंत फोटो काढत गेले. यातलं खरं वजन कमी केलं ते लेन्स घरी ठेवून; बॅगेने उरलेलं काम केलं. म्हणून बॅग निवडताना होणारी पहिली चूक इथूनच सुरू होते.

रिकाम्या बॅगेच्या वजनावर भुलणं

दुकानात बॅग हातात घेतली, पिसासारखी वाटली, घेतली. पण खांद्याला भरलेली बॅग उचलायची असते. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढा आणि उद्या खरोखर न्यायच्या वस्तू एकेक करून मोजा. कॅनन १५००डी आणि सोबत मिळणाऱ्या दोन लेन्स, १८-५५ आणि ५५-२५०, मिळून एक किलोच्या थोडं वर जातात. एवढ्यासाठी दीड किलोची बॅग घेतली तर सामानापेक्षा पिशवी जड. माझा साधा हिशोब असा आहे: रिकामी बॅग आतल्या सामानाच्या एक तृतीयांशाहून फारशी जड नको. हा काही शास्त्रीय नियम नाही, पण माझ्या खांद्याने तो मान्य केलेला आहे.

"पुढे उपयोगी पडेल" म्हणून मोठी घेणं

सर्वांत महाग पडणारी चूक हीच, आणि ती जवळजवळ प्रत्येक जण करतो. घरात असलेलं सगळं सामान मावेल अशी बॅग आपण शोधतो. मोकळी जागा दिसली की तिथे काहीतरी जातंच: एखादी लेन्स "असू दे", छत्री, डबा, पॉवर बँक. हलकी बॅग मोठी असेल तर ती आठवडाभरही हलकी राहत नाही.

बॅग घ्यायच्या आधी आपले मागच्या वर्षभरातले फोटो उघडून बघा. कुठल्या लेन्सने काढले ते फोटोच्या माहितीत लिहिलेलं असतंच. मी पाहिलं तर वारीतले बहुतेक फोटो २४ ते ८५ एमएममध्येच होते. ७०-२०० मी वर्षानुवर्षं धीर म्हणून वाहत होते. ज्यांना भिगवणला पक्षी टिपायचे आहेत त्यांची गोष्ट वेगळी, त्यांना लांब लेन्स लागणारच. पण मग त्यांनी शोल्डर बॅगेचा नादच सोडून दोन्ही खांद्यांवर भार वाटणारी सॅक घ्यावी. तीन किलोच्या वरचं सामान दिवसभर एका खांद्यावर वाहणं हा हट्ट आहे.

एक कॅमेरा लेन्स लावलेला आणि बाजूला एक-दोन लहान लेन्स, एवढ्याला ५ ते ६ लिटरची बॅग पुरते. दहा लिटरच्या पुढे गेलात की मोह सुरू.

पट्ट्याकडे सर्वांत शेवटी पाहणं

खरं तर सुरुवात इथूनच करायला हवी. बॅग खांद्यावर एका बाजूला लटकते तेव्हा तोल सांभाळायला शरीर नकळत दुसऱ्या बाजूला झुकतं आणि मान ते खांदा हा स्नायू सतत ताठ राहतो. ठणका तिथला असतो. अरुंद पट्ट्याने तोच भार थोड्या जागेवर पडतो आणि रुततो. साधारण दोन इंच रुंदीचा, विणलेला, फार चकचकीत नसलेला पट्टा चांगला. गुळगुळीत नायलॉन सुती कुर्त्यावरूनसुद्धा घसरतो, आणि माझ्यासारखे उतरते खांदे असतील तर दर दहा पावलांना तो वर ओढावा लागतो.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या एका दैनिकाचे छायाचित्रकार जिम डॉम्के यांनी १९७० च्या दशकात स्वतःसाठी कॅनव्हासची बॅग तयार करून घेतली. पुढे तीच डॉम्के एफ-२ म्हणून वृत्तछायाचित्रकारांच्या खांद्यावर दिसू लागली. तिच्या पट्ट्याच्या विणीतच रबराचे धागे आहेत, त्यामुळे तो कपड्याला धरून राहतो. बाजूच्या भिंतींत जाड फोम नाही, म्हणून बॅग अंगाला चिकटून बसते आणि झुलत नाही. दिवसभर धावपळ करणाऱ्या माणसाने स्वतःच्या गरजेतून काढलेली ही युक्ती अजून जुनी झालेली नाही.

पट्टा खांद्यावर नुसता टांगू नका, छातीवरून तिरपा घ्या. बॅगेचा वरचा काठ कमरेच्या हाडापाशी आला पाहिजे. त्याखाली गेली की प्रत्येक पावलाला मांडीवर आपटते. पट्ट्याचं बक्कल एका हाताने सरकवता येतं का, तेही बघा. चालताना पट्टा आखूड लागतो, फोटो काढताना लांब.

पॅड जाड असलं म्हणजे आराम, असं समजू नका. आखूड, जाड पॅड पट्टा लांब-आखूड करताना खांद्यावरून मागे सरकतं आणि उघडा पट्टा मानेला कापतो.

आणि पट्टा जिथे बॅगेला जोडलाय ती शिवण उलटून पाहा. चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण हवी. एका ओळीच्या टाक्यावर दोन किलो काच लटकवू नये. जोडणीची कडी धातूची बरी. प्लॅस्टिकची फिरती कडी उन्हातान्हात ठिसूळ होते, आणि तुटते तेव्हा आधी सांगत नाही.

फोम जितका जाड तितकी सुरक्षा, हा समज

कॅमेऱ्याला सगळ्यात जास्त धोका बॅग खाली टेकवताना होतो. त्यामुळे तळाला चांगला फोम हवा, आणि वस्तू एकमेकींवर घासू नयेत म्हणून मधली पार्टिशन हवीत. चारी बाजूंनी दोन-दोन सेंटिमीटर फोम ही बॅग जमिनीवर फेकणाऱ्यांची गरज आहे. अंगाला लागून असलेल्या बॅगेला एका बाजूने तुमचंच शरीर सांभाळत असतं.

ऑनलाइन मापांवर विश्वास

वेबसाइटवर दिलेलं माप पुष्कळदा बाहेरचं असतं. फोम, अस्तर आणि शिवण वजा केली की आतली जागा दोन-तीन सेंटिमीटरने कमी होते, आणि नेमकी तेवढ्यासाठी चेन लागत नाही. घरी कॅमेऱ्याला नेहमीची लेन्स लावा, हूड (लेन्सच्या तोंडावरची ऊन अडवणारी कड) उलटा बसवा, आणि व्ह्यूफाइंडरपासून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीपासून, लेन्सच्या टोकापर्यंत टेप धरा. हा आकडा बॅगेच्या आतल्या खोलीशी जुळला पाहिजे.

जमलं तर दुकानातच जा. मुंबईत फोर्टला बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे स्वतःचं सामान घेऊन जायला संकोच करू नका. बॅग भरा, खांद्यावर घ्या, दहा मिनिटं वावरा. मग न बघता एका हाताने कॅमेरा बाहेर काढा आणि परत ठेवा. हात अडला तर ती बॅग तुमची नाही.

याच वेळी झाकण कुठल्या बाजूने उघडतं ते कळतं. झाकण तुमच्या अंगाकडे पडत असेल तर ते दरवेळी हात आणि कप्पा यांच्या मध्ये येणार. बाहेरच्या बाजूला पडणारं झाकण बरं. चेन उघडी ठेवून वर फक्त हलका फ्लॅप टाकला तरी साध्या गर्दीत चालतं, पण मुंबईच्या लोकलमध्ये ती चेन पूर्ण ओढलेली आणि बॅग पोटाशीच हवी.

वेल्क्रोबद्दल एकच सांगते. संध्याकाळी पालखीच्या तळावर कीर्तन चालू असताना मी बॅग उघडली आणि त्या खर्रर्र आवाजाने पुढच्या चार ओळींनी मान वळवली. तेव्हापासून माझ्या बॅगेच्या वेल्क्रोवर कापडाची पट्टी शिवलेली आहे. लग्नं, नाटकं, मंदिरं इथे काम करणाऱ्यांनी बक्कल किंवा चुंबकाचं झाकण बघावं.

पावसाळ्याला विसरणं

"पाणी अडवणारं कापड" म्हणजे थोडी भुरभुर सोसणारं कापड. आषाढातल्या सरीत पाणी चेनमधून आणि शिवणीतून शिरतं. बाहेरचं रेनकव्हर हवंच, पण ते चढवलं की कॅमेरा काढता येत नाही. मी आत एक जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी बसवते. सर आली की तिचं तोंड पिळून घ्यायचं, झालं.

त्याहून मोठा शत्रू घरात असतो. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. भिजलेल्या फोमच्या बॅगेत कॅमेरा ठेवून ती कपाटात ढकलली, की लेन्सवर बुरशीची जाळी धरायला सगळी सोय आपणच केलेली असते. घरी आल्याबरोबर सामान बाहेर काढा, पार्टिशन वेगळी करून पंख्याखाली ठेवा. कॅमेरा-लेन्सची जागा हवाबंद डब्यात, सिलिका जेलसोबत. आत छोटं आर्द्रतामापक ठेवून ४० ते ५० टक्के राखा. नारिंगी जेल ओलावा शोषून हिरवी झाली की ती तापवून परत वापरता येते. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं, ती स्वयंपाकाच्या भांड्यात मुळीच तापवू नका.

मात्र एका वेळी बॅग बंद ठेवणंच शहाणपणाचं. एसी खोलीतून दमट हवेत गेलात की थंड काचेवर दव धरतं. कॅमेरा बॅगेतच अर्धा तास राहू द्या, मग काढा.

घेतलेली बॅग त्रास देत असेल तर

लगेच नवी घ्यायची गरज नसते. पट्टा घसरतो? खांद्यावर येणाऱ्या भागाला आतून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी किंवा सुती निवार शिवून घ्या. चांभार किंवा बॅग दुरुस्त करणारे हे सहज करून देतात, फक्त दोरा नायलॉनचा मागा, सुती दोरा पावसात कुजतो.

चालताना बॅग झुलत असेल तर मागच्या बाजूला एक लूप शिवून त्यातून कमरेचा पट्टा काढा. बॅग एका कुशीवर कलते, तेव्हा जड वस्तू कडेला गेलेली असते. कॅमेरा मध्ये आणा, लेन्स दोन्ही बाजूंना.

चेन अडकते तर तिच्यावर मेणबत्ती घासा. चेन लावल्यावर मागून उघडत असेल तर रनर, म्हणजे चेन ओढायची सरकती कडी, सैल झालाय. तो पकडीने हलकेच दाबून बघा, नाहीतर बदलून घ्या. त्यासाठी पूर्ण चेन बदलावी लागत नाही.

अस्तर चिकट झालं, त्याचे पापुद्रे निघून लेन्सवर पडायला लागले, तर मात्र उपाय नाही. कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत काही वर्षांनी असाच विरतो. धुऊन किंवा पावडर मारून तो थांबत नाही. ती बॅग भाजीला वापरा, कॅमेऱ्याला नको.

आणि पैसे कमी असतील तर एक रस्ता आपल्याकडे जुना आहे. चांगल्या जाड कापडाची शबनम घ्या आणि तिच्यात कॅमेऱ्यासाठी वेगळं मिळणारं फोमचं इन्सर्ट, म्हणजे आत बसणारा कप्पा, बसवा. वजनाला ही जोडी फार हलकी, अंगाला धरून राहते, आणि आत कॅमेरा आहे हे बाहेरून कोणाला कळत नाही. शबनमला झाकण नसतं, म्हणून तोंडाला चेन किंवा दोन बटणं लावून घ्या, आणि पट्टा जिथे पिशवीला शिवलाय तिथे दुहेरी टाके मारा. सामान दीड किलोच्या आत ठेवा. माझी एक मैत्रीण तीन वर्षं अशाच बॅगेतून फुजीचा कॅमेरा आणि दोन छोट्या लेन्स घेऊन पंढरपूरपर्यंत चालते आहे. मागच्या वर्षी तिने फक्त पट्टा बदलला.