दक्षिण सुदानमध्ये बालशिक्षण केंद्रं चालवताना या चुका टाळा

दक्षिण सुदानमध्ये लहान मुलांच्या शिक्षणाचा मदत-प्रकल्प हातात घेणारा नवा प्रमुख पहिल्याच बैठकीत विचारतो, किती केंद्रं उघडायची? त्या केंद्रात कोण बसणार, पाऊस लागल्यावरही ती तिथे असणार का, हे फार थोडे लोक विचारतात. हा देश २०११ मध्ये स्वतंत्र झाला, डिसेंबर २०१३ मध्ये यादवी पेटली, जुलै २०१६ मध्ये राजधानी जुबात पुन्हा भडका उडाला आणि सप्टेंबर २०१८ च्या शांतता करारानंतरही अनेक भागांतली चकमक थांबलेली नाही. इथल्या तीन-चार वर्षांच्या मुलाने घर, गाव, कधी आईबापसुद्धा गमावलेले असतात. त्याला रोज तेच ओळखीचं माणूस, तीच जागा आणि तीच वेळ हवी असते. खालच्या बहुतेक चुकांनी यातलंच काहीतरी मोडतं.

मुलांकडून युद्धाची चित्रं काढून घेणं

ही चूक पाहिली की माझा संताप होतो, म्हणून तिच्यापासूनच सुरुवात करते.

उत्तरेकडच्या बेंतिऊ शहराजवळ विस्थापितांची छावणी आहे. तिथल्या एका केंद्रात देणगीदारांचे प्रतिनिधी येणार होते. एका संस्थेच्या नव्या अधिकाऱ्याने आदल्या दिवशी मुलांना कागद-खडू वाटले आणि दुभाष्यामार्फत सांगितलं, ‘तुमच्या गावात काय झालं ते काढा.’ मुलांनी काढलं. जळणारे तुकूल (गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या), बंदूकवाले, आडवी पडलेली माणसं. अधिकारी एकेकाजवळ बसून विचारत होता, हे कोण? मग काय झालं? दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, भिंतीवर लावलेली चित्रं पाहिली, फोटो घेतले आणि विमानाने परत गेले. त्यानंतर मुलं कमी होऊ लागली. एक मुलगा रात्री ओरडून उठतो, असं त्याच्या आजीने सांगितलं. काही आयांनी पोरांना पाठवणंच बंद केलं. माझ्या मते त्यांचं बरोबर होतं. वर्गाच्या बाईंनी पुन्हा तीच सकाळची गाणी, तोच गोल, तीच लापशीची वेळ धरून ठेवली, तेव्हा कितीतरी आठवड्यांनी घडी परत बसली.

संयुक्त राष्ट्रं आणि मदतसंस्थांनी मिळून काढलेली, आपत्तीतल्या मानसिक आधाराची २००७ ची मार्गदर्शक तत्त्वं कपाटात सगळ्यांकडे असतात. त्यातला चार थरांचा पिरॅमिड नीट पाहा. तळाशी सुरक्षितता आणि मूलभूत सेवा, त्यावर कुटुंब आणि वस्तीचा आधार, मग प्रशिक्षित पण तज्ज्ञ नसलेल्या कार्यकर्त्यांची मदत, आणि अगदी टोकाशी थोड्या जणांना लागणारे तज्ज्ञ उपचार. बालवर्ग खालच्या थरांत बसतो. दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर कुणी मुलाच्या जखमा उघडू नयेत, आणि अहवालासाठी तर मुळीच नाही.

माझा रिवाज असा: खडू रोज द्यायचे, विषय कधीच द्यायचा नाही. मुलाने आपणहून सांगितलं तर ऐकायचं, पुढचा प्रश्न विचारायचा नाही, आणि बालसंरक्षणाच्या कार्यकर्तीला त्याच दिवशी कळवायचं. पाहुण्यांना वर्गाच्या कडेला बसवायचं, कॅमेरा पिशवीत.

प्रमाणपत्र पाहून शिक्षक नेमणं

या देशात साठाहून अधिक भाषा आहेत. बालवर्ग आणि प्राथमिकच्या पहिल्या तीन इयत्ता मुलांच्या भाषेत चालवाव्यात, हे तिथल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाचंच धोरण आहे. तरी जाहिरात निघते इंग्रजीत, मुलाखत होते इंग्रजीत, आणि निवड होते युगांडा किंवा केनियाच्या निर्वासित छावणीत शिकून परतलेल्या एखाद्या तरुणाची. तो वाईट नसतो. पण न्यूएर बोलणाऱ्या चार वर्षांच्या मुलांपुढे तो फळ्यावर सफरचंद काढतो, आणि मुलं जन्मात न पाहिलेल्या फळाचं नाव ओरडत राहतात. चार महिन्यांत त्याला जुबात सर्वेक्षणाचं काम मिळतं आणि तो जातो. त्यालाही दोष देत नाही, पण वर्गाचा एकुलता एक ओळखीचा माणूस गेलेला असतो.

मी एका गटाला दोन माणसं देते. एक त्याच वस्तीतली, मुलांची भाषा बोलणारी, शक्यतो स्वतः आई किंवा आजी असलेली. दुसरी लिहिता-वाचता येणारी. मुलाखत खुर्चीवर घेत नाही. दहा मुलं आणि अर्धा तास द्यायचा, आपण लांब बसायचं. कोण खाली बसतं, कोण उभं राहून सूचना देतं, रडणाऱ्या पोराजवळ कोण जातं, हे दिसतं. अक्षरओळख नंतर शिकवता येते. मुलात रमणं मला अजून कुणाला शिकवता आलेलं नाही आणि ते शिकवता येतं असं सांगणाऱ्या प्रशिक्षण कंपन्यांवर माझा विश्वास नाही.

मानधनाचा प्रश्न इथेच येतो. सरकारी पगार महिनोन् महिने रखडतात आणि हातात येईपर्यंत तिथल्या पौंडाची किंमत घसरलेली असते. काही वर्षं युरोपीय संघाच्या निधीतून प्राथमिक शिक्षकांना महिना ४० डॉलर प्रोत्साहन भत्ता मिळाला. बालवर्गाच्या बायांकडे मात्र ‘स्वयंसेविका’ म्हणून पाहिलं जातं. तुम्ही घाईने जास्त रक्कम जाहीर केलीत तर शेजारच्या शाळेतली शिक्षिका उद्या तुमच्याकडे येईल आणि तिथला वर्ग ओस पडेल. आधी काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) शिक्षण अधिकाऱ्यासह सगळ्या संस्थांना एका झाडाखाली बसवा आणि एकच दर ठरवा. बैठकांना महिना गेला तरी जाऊ द्या.

कडेवर पोर घेऊन आलेल्या मुलीला परत पाठवणं

यादीत वय तीन ते पाच. दारात आठ-नऊ वर्षांची मुलगी, कडेवर एक, बोटाला एक. नियम दाखवून तिला परत पाठवलं की तिघंही जातात. पट आणि हजेरीतली तफावत शोधत बसणाऱ्यांनी आधी दारात उभं राहावं.

आपल्याकडे हा पेच बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूजवळच्या कोसबाडला आदिवासी मुलांसाठी सोडवला होता. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी विकासवाडीत एकत्र आणल्या, कारण थोरल्या मुली धाकट्यांना सांभाळायला घरी अडकत होत्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. न्यूएर आणि डिंका लोकांचं सगळं जगणं गुरांभोवती फिरतं, कोरड्या दिवसांत कुटुंबं गुरांच्या तळावर जातात, तेव्हा मला कोसबाडच आठवतं. आमच्याकडे कोपऱ्यात तान्ह्यांसाठी चटई असते, आणि थोरलीला पाटी. पाटीचा खर्च कोणत्या मथळ्याखाली टाकायचा हे हिशेबनीस विचारतो, तेव्हा त्याला केंद्रावर घेऊन जा.

खेळण्यांची पेटी कुलपात ठेवणं

युनिसेफची बालविकास पेटी साधारण पन्नास मुलांसाठी असते. ठोकळे, कोडी, हातात घालायच्या बाहुल्या, सगळं त्यात आहे. सहा महिन्यांनी जावं तर पेटी कोरी करकरीत. कारण साठा-नोंदवहीत प्रत्येक ठोकळा मोजलेला, आणि तुटला तर भरून देण्याची बाईला भीती. मी पेटी पोचल्याच्या दिवशीच आतलं सामान ‘वापरात’ म्हणून नोंदवहीतून काढून टाकते आणि तसं बाईला सही करून देते. शिवाय तिथली मुलं चिखलाच्या सुंदर गाई करतात, वाकड्या शिंगांसकट. त्या खिडकीत वाळत ठेवायची जागा करा. त्या झाडून काढणाऱ्या पर्यवेक्षकाला समज द्या.

थोडक्यात आणखी काही

सामान पावसाआधी पोचवा. मे ते नोव्हेंबर रस्ते बंद. ती माती आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीसारखी ट्रक गिळते, आणि मग खडूसुद्धा विमानाने न्यावे लागतात.

पक्कं बांधकाम आधी नको. बेंतिऊ २०२१ पासून पुरात वेढलं गेलं, छावणी बांधांच्या आत उभी राहिली. बांबू, ताडपत्री आणि उचलून नेता येतील अशा चटया पुरे.

केंद्राच्या आवारात बंदूकधारी पहारा मागू नका, सैनिकांना सावलीलाही बसू देऊ नका. दक्षिण सुदानने २०१५ मध्येच सुरक्षित शाळा जाहीरनाम्याला, म्हणजे शाळांचा लष्करी वापर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय वचनाला, मान्यता दिली आहे. स्थानिक कमांडरला त्याची प्रत द्या.

एकाच समाजाच्या वस्तीत केंद्र काढून बाकीच्यांना ‘पुढच्या टप्प्यात’ सांगू नका. पुढचा टप्पा येईपर्यंत तुमच्याबद्दलचं मत पक्कं झालेलं असतं.

लापशी चुकली की दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं. धान्य पंधरा दिवस पुरेल इतकं शिल्लक असल्याशिवाय केंद्र उघडायची तारीख सांगू नका.

बारा महिन्यांच्या निधीवर वर्ग उघडणं

२०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची मदत एकाएकी थांबली तेव्हा अनेक ठिकाणी बायांना ‘उद्यापासून येऊ नका’ असं सांगण्यात आलं. मुलांना कुणी काहीच सांगितलं नाही. ज्यांना पहिल्या तिमाहीत आकडे दाखवायची घाई असते, त्यांनीच वीस केंद्रं उघडलेली असतात आणि तेच आधी बंद करतात. मी निम्मी उघडते आणि उरलेल्या पैशातून प्रत्येक केंद्राचं सहा महिन्यांचं मानधन आणि धान्य वेगळं ठेवायला देणगीदाराकडून लेखी परवानगी घेते. ते नाही म्हणाले तर केंद्रांची संख्या आणखी कमी करते. हजेरीपट, बायांची यादी आणि पेटीची किल्ली यांची एक प्रत पहिल्या महिन्यापासून वस्तीच्या पालक समितीकडे असते, आणि बंद करायची वेळ आलीच तर निदान महिनाभर आधी आयांना, मग मुलांना, त्यांच्याच बाईकडून सांगितलं जातं.