पेशीभेदी पेप्टाइडने औषध आत पोहोचवले का, हे कसे तपासावे

पेशीभेदी पेप्टाइडला (पेशीत शिरू शकणाऱ्या, अमिनो आम्लांच्या छोट्या साखळीला) जोडलेले औषध पेशीत शिरले का, हे पाहताना पेशी रसायनाने स्थिर करू नयेत. त्या जिवंत असतानाच सूक्ष्मदर्शकाखाली पाहाव्यात. एचआयव्हीच्या टॅट प्रथिनाचा पेशीत शिरण्याचा गुण १९८८ मध्ये लक्षात आला, पण पुढे बरीच वर्षे स्थिर केलेल्या पेशींवरून निष्कर्ष काढले गेले. पेशीपटलाला नुसते चिकटलेले, चमकणारा रंग जोडलेले पेप्टाइड स्थिरीकरणाच्या वेळी आत पसरते आणि केंद्रकही चमकू लागते, हे २००३ मध्ये दाखवले गेले.

आर्जिनिन या अमिनो आम्लाच्या धनभारामुळे पेप्टाइड पेशीपृष्ठावरील ऋणभारित हेपरान सल्फेट या शर्करासाखळीला घट्ट धरून राहते, म्हणून साध्या बफरने धुणे पुरत नाही. ट्रिप्सिन या प्रथिने तोडणाऱ्या विकराने बाहेरचे पेप्टाइड काढून टाकावे आणि मगच फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणाऱ्या यंत्रावर) मोजणी करावी. सोबत एक नमुना ४ अंश सेल्सिअसला ठेवावा. तेथे प्रवेश जवळजवळ थांबला, तर मार्ग बहुधा ऊर्जेवर चालणाऱ्या एंडोसायटोसिसचा, म्हणजे पटल आत वळवून पदार्थ पिशवीत घेण्याचा आहे. (थंडीने पटलाची प्रवाहिताही घटते, त्यामुळे केवळ या कसोटीवर विसंबू नये.)

चित्रात सुटे ठिपके दिसत असतील, तर औषध बहुधा एंडोसोममध्येच (त्या आतल्या पिशवीतच) अडकले आहे. पेशीद्रवात सर्वत्र पसरलेली चमक दिसायला हवी. माझ्या मते चमकेपेक्षा परिणाम मोजणे अधिक भरवशाचे आहे. एसआयआरएनए (जनुक गप्प करणारा छोटा आरएनए) वाहून नेला असेल, तर लक्ष्य जनुकाचा एमआरएनए (संदेशवाहक आरएनए) घटला का ते पाहावे, आणि पेप्टाइडची मात्रा वाढवताना एलडीएच या पेशीतील विकराची गळती मोजून पटल फाटलेले नाही याची खात्री करावी.