भाड्याचे स्की-बूट घेताना

गुलमर्गला स्की भाड्याने घेताना सगळ्यांचं लक्ष स्कीच्या रंगाकडे. आधी बघायचा तो बूट. पायात एकच पातळ, लांब मोजा घाला. दोन जाड मोज्यांनी पाय आवळून उलट गार पडतो. नंबर म्हणजे पावलाची लांबी सेंटीमीटरमध्ये, उदाहरणार्थ २६.५. टाच जमिनीवर आपटून मागे बसवा, मग बकलं लावा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे जेमतेम टेकावीत, गुडघे वाकवून नडगी पुढे रेटली की सुटावीत. टाच आत उचलली जात असेल तर लहान नंबर मागा, दुकानदार काहीही म्हणो. बाइंडिंगची, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीची, सेटिंग मात्र त्याच्याकडूनच करून घ्या, आणि वजन खरं सांगा (इथे लाजून चालत नाही). सेटिंग चुकली तर पडताना स्की सुटत नाही आणि गुडघा पिळवटतो.