लिनक्सवर असेंब्ली शिकताना पहिला प्रोग्रॅम काहीही न छापणारा असावा

नाशिकला कॉलेज रोड परिसरात राहणारी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाची मुले प्रात्यक्षिकाआधी माझ्याकडे शंका घेऊन येतात, तेव्हा बहुतेकांच्या वहीत असेंब्लीतला, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना थेट लिहिण्याच्या भाषेतला, पडद्यावर मजकूर छापणारा तयार प्रोग्रॅम उतरवलेला असतो. तो चालतो, पण त्यातली कोणती ओळ कशासाठी आहे हे त्यांना सांगता येत नाही. म्हणून मी त्यांना आधी काहीही न छापणारा प्रोग्रॅम लिहायला लावतो.

६४ बिटांच्या इंटेल किंवा एएमडी प्रोसेसरवर उबंटू लिनक्स असेल, तर नॅसम (असेंब्लीचे मशीन कोडमध्ये रूपांतर करणारा असेंब्लर), बिनयुटिल्स (यात एलडी हा लिंकर असतो) आणि जीडीबी (प्रोग्रॅम एकेक पाऊल चालवून तपासण्याचे साधन) ही पॅकेजे बसवावीत. टेक्स्ट सेक्शनमध्ये, म्हणजे सूचनांच्या भागात, प्रोग्रॅमची सुरुवात दाखवणारे अंडरस्कोअर स्टार्ट हे लेबल ग्लोबल म्हणून जाहीर करून त्याखाली तीनच सूचना लिहाव्यात: मूव्हने आरएएक्स या रजिस्टरमध्ये (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागेत) ६० ठेवावेत, मूव्हनेच आरडीआय या रजिस्टरमध्ये ७ ठेवावेत आणि शेवटी सिस्कॉल ही कर्नेलला हाक देणारी सूचना लिहावी. ६० हा कर्नेलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, एक्झिट या प्रोग्रॅम संपवणाऱ्या सेवेचा क्रमांक आहे आणि ७ हा प्रोग्रॅम संपताना कळवतो तो निकाल. फाइल एल्फ६४ या लिनक्सच्या फॉरमॅटमध्ये नॅसमने असेंबल करावी, एलडीने लिंक करावी, चालवावी आणि लगेच टर्मिनलवर एको लिहून, जागा सोडून, डॉलर व प्रश्नचिन्ह टाइप करावे; याने आधीच्या प्रोग्रॅमचा निकाल दिसतो. ७ दिसतो. त्याऐवजी ३०० ठेवले तर ४४ दिसतो, कारण शेलपर्यंत (टर्मिनलवरच्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमपर्यंत) निकालाचा खालचा एकच बाइट पोहोचतो.

हे हाताखालून गेल्यावरच छपाईकडे वळावे. राइट या मजकूर लिहिणाऱ्या सेवेचा क्रमांक १. आरडीआयमध्ये पडद्यासाठी १, आरएसआयमध्ये मजकुराचा पत्ता आणि आरडीएक्समध्ये लांबी द्यायची. मजकूर म्हणून ‘नाशिक’ हाच शब्द घ्यावा. डोळ्यांना तीन अक्षरे दिसतात म्हणून लांबी ३ दिली, तर पडद्यावर नुसता ‘न’ उमटतो. अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत न, काना, श, वेलांटी आणि क या पाचांना प्रत्येकी ३ बाइट लागतात, म्हणजे १५, आणि नव्या ओळीचा १ धरून १६. प्रोसेसरला अक्षर ठाऊक नसते, फक्त बाइट ठाऊक असतात, ही गोष्ट मुलांना इथे जितकी पटते तितकी व्याख्यानात पटत नाही.

जुन्या नोट्समध्ये सिस्कॉलऐवजी इंट ८० हेक्स दिसेल. ती ३२ बिटांची पद्धत आहे आणि तिच्यात १ म्हणजे राइट नव्हे, एक्झिट. दोन्हींची सरमिसळ केल्यास प्रोग्रॅम काहीही न छापता संपतो आणि चूक शोधण्यात संध्याकाळ जाते.

शेवटी जीडीबीमध्ये प्रोग्रॅम अंडरस्कोअर स्टार्टवर थांबवून स्टेपआयने एकेक सूचना पुढे न्यावी आणि दर वेळी इन्फो रजिस्टर्स पाहावे. राइटच्या सिस्कॉलनंतर आपण हातही न लावलेले आरसीएक्स आणि आर११ बदललेले दिसतील, कारण ही सूचना परतीचा पत्ता आणि फ्लॅग त्यांतच ठेवते. त्यामुळे लूपचा मोजणीचा आकडा आरसीएक्समध्ये असेल, तर तो आधी स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठवणीवर, पुश करावा.