कागदी पुलातून विज्ञान: वर्गात अभियांत्रिकी कृती कशी घ्यावी

विज्ञानाच्या तासिकेत घेतलेली अभियांत्रिकीची कृती पुष्कळदा हस्तकलेपाशीच थांबते. वस्तू तयार होते, मुले आनंदतात, पण ती वस्तू तशी का वागली हा प्रश्न विचारलाच जात नाही. हे टाळायचे असेल तर आखणी करतानाच दुसऱ्या प्रयत्नासाठी वेळ राखून ठेवावा, कारण पहिली रचना मुले अंदाजाने करतात आणि विज्ञानाचा विचार खऱ्या अर्थाने तिच्या पुनर्रचनेत सुरू होतो. म्हणून शक्यतो सलग दोन तासिका घ्याव्यात.

प्रथम कोणती संकल्पना शिकवायची ते निश्चित करावे आणि मगच कृती निवडावी. बल आणि पदार्थाचे वाकणे यांसाठी कागदी पूल अतिशय उपयुक्त आहे. तीन-चार विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला ए-फोर आकाराचा एकच कागद द्यावा, 20 सेंटिमीटर अंतरावर ठेवलेल्या पुस्तकांच्या दोन सारख्या गठ्ठ्यांवर तो टेकवायला सांगावे आणि मध्यभागी जास्तीत जास्त वजन पेलणारी रचना करण्याचे आव्हान द्यावे. चिकटपट्टी, जास्तीचा कागद किंवा मधला आधार पहिल्या फेरीत देऊ नये. साहित्यावर मर्यादा असली की मुलांना आकाराचाच विचार करावा लागतो.

चाचणीपूर्वी प्रत्येक गटाने आपला पूल किती वजन पेलेल आणि कोठे मोडेल याचा अंदाज कारणासह लिहून ठेवावा. हा टप्पा कधीही गाळू नये, कारण आधी लिहिलेला अंदाज चुकला की मुले स्वतःहून कारण शोधू लागतात. वजनासाठी एकाच प्रकारची नाणी किंवा वॉशर वापरावेत आणि ते मध्यभागी ठेवलेल्या हलक्या डबीत एकेक करून टाकावेत, म्हणजे सर्व गटांची चाचणी सारखी होईल.

सपाट कागद लगेच खाली झुकतो. तोच कागद लांबीच्या दिशेने दीड-दीड सेंटिमीटरच्या चुण्या घालून ठेवला तर पुष्कळ अधिक भार पेलतो. येथे शिक्षकाने घाईने स्पष्टीकरण देऊ नये. आधी प्लास्टिकची मोजपट्टी आडवी धरून वाकवायला सांगावी, नंतर कडेवर उभी धरून. 30 मिलिमीटर रुंद आणि 3 मिलिमीटर जाड पट्टी उभी धरली असता आडवीपेक्षा 100 पट ताठ असते, कारण ताठपणा रुंदीच्या सम प्रमाणात, पण वाकण्याच्या दिशेतील उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. लहान वर्गांत घनाचा उल्लेख न करता केवळ ‘उंची वाढली की ताठपणा फार वाढतो’ एवढेच पुरे. भाराखाली पुलाचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, ही गोष्ट मात्र स्पंजच्या पट्टीवर समान अंतरावर उभ्या रेघा मारून ती वाकवून दाखवावी. वरच्या रेघा जवळ येताना आणि खालच्या दूर जाताना स्पष्ट दिसतात.

यानंतर दुसरी फेरी घ्यावी. चुण्यांचा पूल बहुधा चुण्या बाजूंना पसरून सपाट झाल्यामुळे कोसळतो, आणि हे निरीक्षण ज्या गटाने नोंदवले असेल, तो गट खालून कागदाची पट्टी चिकटवण्याची परवानगी मागतो. कारण पटवून दिल्यास ती अवश्य द्यावी. मात्र एका वेळी एकच बदल करण्याची अट घालावी. चुण्यांची उंची आणि पट्टी दोन्ही एकदम बदलली तर सुधारणा कशामुळे झाली हे सांगता येत नाही.

गुण देताना सर्वाधिक वजन पेलणाऱ्या पुलाला झुकते माप देऊ नये. अंदाज, नोंदी, मोडण्याचे कारण आणि केलेला बदल यांची संगती तपासावी. लवकर कोसळलेल्या पुलाचा गटही येथे पूर्ण गुण मिळवू शकतो.

हाच क्रम उष्णतेच्या पाठालाही लागू पडतो: कोमट पाणी जास्तीत जास्त वेळ ऊबदार ठेवणारे आवरण तयार करायचे, पाण्याचे प्रमाण सर्वांचे सारखे ठेवायचे, दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढायचा आणि त्या आलेखाच्या आधारे आवरणात एक बदल करून पुन्हा मोजायचे.