नाशकात राहून पुस्तकांच्या इतिहासात करिअर करायचंय? मग हे वाचा

आधी एक सांगून टाकतो म्हणजे पुढे गोंधळ नको. ‘ग्रंथ आणि प्रकाशनाचा इतिहास’ अशा नावाची जागा आपल्याकडे कॉलेजात निघत नाही. जागा निघते इतिहासाची, मराठीची, इंग्रजीची नाहीतर लायब्ररी सायन्सची, आणि त्या जागेवर बसून हे काम करायचं असतं. त्यामुळे एमए कशात करू असं विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की ज्या विषयात तुमची नेट-सेट (प्राध्यापक व्हायची पात्रता परीक्षा) निघेल असं वाटतं तो घ्या, या चारपैकी कुठल्याही दारातून आत येता येतं.

आता हा विषय नेमका काय ते थोडक्यात. पुस्तक कुणी छापलं, कागद-शाई कुणाच्या पैशाने आली, किती प्रती काढल्या, किंमत काय ठेवली, कुणी विकलं, कुणी विकत घेतलं आणि कुणी शेजाऱ्याकडून मागून वाचलं, हे सगळं शोधायचं. रॉबर्ट डार्नटनने १९८२ साली लेखक, प्रकाशक, मुद्रक, वाहतूक करणारा, विक्रेता आणि वाचक असं एक चक्रच मांडून दाखवलं होतं, ते आजही पहिल्या तासाला शिकवतात. पण माझं प्रामाणिक मत असं की थिअरी आधी वाचत बसू नका. आधी हातात पुस्तक घ्या. नाशिककरांना यासाठी कुठं लांब जायची गरजच नाही, आपलं सार्वजनिक वाचनालय (सावाना) १८४० सालचं आहे, म्हणजे बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं त्यानंतर फक्त आठ वर्षांनी इथे वाचनालय होतं. ज्या गावात इतकी जुनी वाचनसंस्था आहे त्या गावातल्या पोराने विषय शोधायला दिल्लीकडे बघायचं हे मला खरंच पटत नाही.

एक काम करा. सावानात म्हणा नाहीतर कुणाच्या आजोबांच्या कपाटात म्हणा, १९२० च्या आतलं एखादं मराठी पुस्तक मिळवा आणि मजकूर वाचूच नका. आतलं नावाचं पान उघडा. तिथे छापखान्याचं नाव असतं, छापणारा आणि प्रसिद्ध करणारा वेगळे आहेत की एकच माणूस आहे ते कळतं, आवृत्ती कितवी ते असतं, कधीकधी प्रती किती तेही असतं, आणि ‘किंमत आठ आणे, टपालखर्च निराळा’ असं असेल तर समजायचं की हे पुस्तक पोस्टाने गावोगाव जात होतं, दुकानावर अवलंबून नव्हतं. साल बहुतेक वेळा शके दिलेलं असतं. शकेमधे ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण वर्ष पाडव्याला बदलतं म्हणून माघ-फाल्गुन असेल तर ७९ मिळवायचे, इथे भलेभले चुकतात आणि पूर्ण तक्ता एका वर्षाने सरकतो. मग पानांच्या तळाशी बघा, ठराविक पानांनंतर डाव्या कोपऱ्यात बारीक आकडा दिसेल, तो फर्म्याचा, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्याचा. फर्मे मोजले की कागद किती लागला याचा अंदाज येतो. शेवटी जाहिरातींची पानं आणि आश्रयदात्यांची यादी असेल तर सोन्याहून पिवळं, कारण त्या यादीत येवल्याचा मामलेदार, मालेगावचा मास्तर, सटाण्याचा वकील असे लोक भेटतात आणि आपल्याला फुकटात वाचकांचा नकाशा मिळतो. वाचनालयाचा शिक्का, दाखल नंबर, पेन्सिलीने केलेल्या खुणा, भेट देणाऱ्याचं नाव, हे सगळं पुराव्यातच धरायचं. मोबाईलने फोटो काढताना मलपृष्ठ आणि कणासुद्धा सोडू नका, बरेच जण फक्त मुखपृष्ठ काढून घरी येतात.

जुन्या पुस्तकांवर ‘सन १८६७ चे २५ वे आक्टाप्रमाणे रजिस्टर’ अशी ओळ सारखी दिसते. ही ओळ म्हणजे आपल्या पोटापाण्याची गोष्ट आहे, नीट समजून घ्या. त्या कायद्याने छापणाऱ्याला पुस्तकाच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागायच्या आणि सरकार दर तीन महिन्यांनी इलाख्यातल्या पुस्तकांची यादी काढायचं. त्या यादीत नाव, भाषा, लेखक, विषय, कुठे छापलं, कुणी छापलं, कुणी प्रसिद्ध केलं, पानं किती, आकार काय, कितवी आवृत्ती, प्रती किती, खिळ्यांवर (धातूच्या सुट्या अक्षरांवर) की शिळाप्रेसवर (दगडावरून), किंमत काय आणि हक्क कुणाचा इतके रकाने आहेत. एवढी तयार माहिती सहजासहजी कुठल्या क्षेत्रात मिळते सांगा! मुंबई इलाख्याच्या या याद्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. एक्सेल उघडा, दहा वर्षांचा तुकडा घ्या, छपाईचं ठिकाण नाशिक असलेल्या नोंदी वेगळ्या काढा, मग शं. ग. दाते यांच्या १८०० ते १९३७ च्या मराठी ग्रंथसूचीशी एकेक नोंद ताडून बघा. एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही अशी जी पुस्तकं सापडतात तिथूनच प्रश्न सुरू होतात. प्रतींचा आकडा मात्र छापणाऱ्याने सांगितलेला असतो हे लक्षात ठेवा, खपाचा आकडा म्हणून तो लिहू नका. सोबत १८८३ चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटिअर ठेवा, त्यात शाळा, वाचनालयं, वर्तमानपत्रं या नोंदी एकत्र मिळतात.

नाशिकचं एक उदाहरण सांगतो, ज्याच्यावर आपल्या बाजूने अजून खूप काम व्हायला पाहिजे. जून १९०९ मधे बाबाराव सावरकरांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती ‘लघु अभिनव भारतमाला’ या कवितांच्या छोट्या पुस्तिकेसाठी. कविता कवी गोविंदांच्या, प्रसिद्ध करणारे बाबाराव. पुढे २१ डिसेंबरला विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि सगळ्यांना तेवढंच आठवतं. पण पुस्तकांचा इतिहास करणाऱ्याने त्या पुस्तिकेपाशीच थांबायचं. ती कुठल्या छापखान्यात छापली, मुद्रकाचं पुढे काय झालं, किंमत किती होती, कुणाच्या हातून गेली, कवी गोविंदांची पदं सावरकरांच्या ‘मित्रमेळा’ या संघटनेत म्हटली जायची तर मग छापील पुस्तिका विकत घेणारा माणूस वाचायला घेत होता की म्हणायला? हायकोर्टातल्या अपिलाचा निकाल कायद्याच्या रिपोर्टांमधे छापलेला आहे, त्यात कवितांच्या शब्दांचा अर्थ कसा लावला ते सविस्तर वाचायला मिळतं, म्हणजे एका अर्थाने न्यायाधीश हाच त्या पुस्तिकेचा सगळ्यात बारकाईने वाचणारा आणि लेखी पुरावा ठेवून गेलेला वाचक. त्याच्या जोडीला मुंबई सरकार देशी वर्तमानपत्रांचे जे साप्ताहिक इंग्रजी गोषवारे काढायचं ते बघा. इतकुश्या पुस्तिकेवर आख्खं प्रकरण उभं राहतं ते असं.

ब्रिटिश काळच नको असेल तरी विषय पडलेत. काळाराम मंदिराच्या आजूबाजूला, रामकुंडावर मिळणारी व्रतकथांची, माहात्म्याची, आरत्यांची पातळ पुस्तकं घ्या, सिंहस्थात यांचा बाजार कसा बदलतो याचा अभ्यास कुणीतरी करायलाच पाहिजे. आंबेडकरी जलशांच्या आणि गीतांच्या पुस्तिका घ्या, काळाराम सत्याग्रह १९३० चा, वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातले, म्हणजे साहित्य आपल्या अंगणात आहे, आणि ते लायब्ररीत कमी आणि लोकांच्या घरी जास्त सापडतं. ‘गावकरी’ आणि त्यांचा ‘अमृत’ डायजेस्ट इथूनच निघायचा. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून जी पाठ्यपुस्तकं छापून घरोघरी पाठवतंय तो मराठीतला केवढा मोठा छपाईचा उद्योग आहे. नाशिकरोडच्या नोटा-स्टॅम्पच्या प्रेसचे कागद बघायला मिळणं अवघड, पण ‘प्रेसमधे लागलेली’ पिढी जेलरोडला, उपनगरला राहते, त्यांच्याशी छपाईच्या कामाबद्दल बोलता येतं. आणि एकदम नवीन विषय हवा असेल तर नव्वदच्या दशकातली पेजमेकर या पानं जुळवायच्या प्रोग्रॅममधे श्रीलिपीचे फॉन्ट वापरून केलेली पुस्तकं घ्या, त्या फाईली आजच्या कॉम्प्युटरवर उघडल्या तरी अक्षरांचा चिवडा दिसतो, छापील प्रत गेली की पुस्तक गेलं.

आता डिग्रीचं. एमएला ५५ टक्के पाहिजेत, आरक्षित प्रवर्गाला ५०. मग नेट जून-डिसेंबरला, आणि महाराष्ट्राची सेट पुणे विद्यापीठ घेतं. २०२४ पासून नेटच्या मार्कांवर पीएचडीचं अॅडमिशनही होतं. जेआरएफ (नेटमधे वरचे मार्क मिळाले तर मिळणारी संशोधन फेलोशिप) निघाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, म्हणून वयात बसत असाल तर जेआरएफसाठीच जीव लावा, नुसतं पास होण्यावर समाधान मानू नका. ती नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप तुमच्या प्रवर्गाप्रमाणे बघा. असिस्टंट प्रोफेसर व्हायला नेट किंवा सेट असली की पीएचडी सक्तीची नाही, पण या विषयात तुमचं नाव पीएचडीच्या कामानेच होतं. नियमाने कमीत कमी तीन वर्षं आणि साधारण सहा वर्षांत संपवायची असते. मधल्या काळात बहुतेकांना तासिका तत्त्वावर शिकवावं लागतं, त्यात पैसे कमी आणि उशिरा, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मी याबद्दल गोड बोलणार नाही.

गाईड निवडताना ग्रंथ-इतिहासाचाच माणूस पाहिजे हा हट्ट सोडा. अर्काईव्हचं काम केलेला आणि तुम्हाला काम करू देणारा गाईड शोधा. सिनॉप्सिसमधे (पीएचडीच्या आराखड्यात) ‘मराठी मुद्रणाचा इतिहास’ असलं अगडबंब शीर्षक देऊ नका, कमिटी तिथेच अडवते आणि बरोबर करते. एक छापखाना, एक प्रकाशक, एक मासिक, एक वाचनालय आणि वीस-तीस वर्षांचा काळ, एवढं पुरतं. प्रवासाचं म्हणाल तर नाशिकरोडहून सकाळच्या पंचवटीने सीएसएमटीला उतरायचं, काळा घोड्याला एल्फिन्स्टनच्या इमारतीत राज्य पुराभिलेखागार आहे, टाऊन हॉलमधे एशियाटिक सोसायटीची लायब्ररी आहे, दोन्ही चालत जाण्यासारखं, आणि संध्याकाळच्या पंचवटीने परत. कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र, आयडी आणि फोटो यांचा सेट बॅगेत कायम ठेवायचा, आणि त्या दिवशी कुठले खंड बघायचे ते आदल्या रात्री लिहून न्यायचं. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळ आणि तिथली जुनी वाचनालयं. मोडी शिकून घ्या, नुसत्या जुन्या हिशेबाच्या वह्यांसाठी नाही, विल्यम कॅरीचा १८१० चा मराठी कोशसुद्धा मोडी टाईपातच छापलेला आहे.

पेपर कुठे द्यायचा हा पुढचा प्रश्न. पैसे घेऊन आठ दिवसांत छापणाऱ्या जर्नलांना हात लावू नका. यूजीसीने २०२५ मधे मान्य जर्नलांची केअर लिस्टच बंद केली, त्यामुळे आता यादीत नाव आहे या सबबीमागे लपता येत नाही. पहिला पेपर मराठीत लिहा असं मी आग्रहाने सांगतो, कारण फर्मा, जुळारी (खिळे जुळवणारा), शिळाप्रेस हे शब्द आणि त्यामागचं काम ज्यांना माहितीये तेच वाचक तुमच्या चुका दाखवतील. नंतर इंग्रजीत. या विषयाची शार्प नावाची आंतरराष्ट्रीय संस्था १९९१ पासून आहे, तिचं ‘बुक हिस्टरी’ हे जर्नल आहे, आणि भारतात जादवपूर विद्यापीठात या क्षेत्रात चांगलं काम झालंय. लंडनचे कागद बघायचे असतील तर चार्ल्स वॉलेस ट्रस्टची छोटी ग्रँट असते, तिला अर्ज करताना कुठले कागद, कुठल्या नंबरचे आणि ते इथे का मिळत नाहीत हे नेमकं लिहायचं.

एक काम मात्र पीएचडीची वाट न बघता आत्ताच करा. जुन्या नाशकातल्या गल्ल्यांमधे लग्नपत्रिका, पावतीबुकं छापणारे जे ट्रेडलवाले (छोट्या छपाई मशीनवाले) होते त्यांचे खिळे भंगारात गेलेत आणि जातायत, शिसं, कथील, अँटिमनीचा तो धातू वितळला की टाईप कुठल्या फाउंड्रीचा होता हे कळायचा मार्ग संपला. मशीन वाचवणं आपल्या हातात नाही, पण मालकाकडे कामाची वही असते, कुणाचं काय छापलं, किती प्रती, कागद कुणाचा, उधारी किती. ती वही रद्दीत जायच्या आत परवानगी घेऊन पान न् पान फोटो काढा. जुळारी काकांना बोलतं करायचं असेल तर ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हणू नका, केसमधे (खिळे ठेवायच्या खणांच्या पेटीत) कुठलं अक्षर कुठल्या घरात असायचं ते विचारा, त्यांचे हात आपोआप हलायला लागतात आणि मग दोन तास थांबत नाहीत. रेकॉर्डिंगला लेखी संमती घ्या, फाईलला तारीख आणि ठिकाणाचं नाव द्या, दोन ठिकाणी कॉपी ठेवा.

आणि इंटरव्ह्यूचं. ‘या विषयाचा स्कोप काय’ हा प्रश्न येणार म्हणजे येणारच. तिथे भाषण देऊ नका. इतिहासाच्या पॅनलसमोर आधुनिक महाराष्ट्राचा पेपर तुम्ही छापील साधनांवरून कसा शिकवाल ते सांगा, मराठीच्या पॅनलसमोर संपादन आणि प्रकाशनाचा कौशल्याचा कोर्स सुचवा, आणि त्याच्या बारा-पंधरा तासांचा आराखडा छापून सोबत न्या, ज्यात निदान दोन तास कॉलेजच्याच लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांवर असतील, त्यांचे दाखल नंबर सुद्धा लिहून. आदल्या दिवशी जाऊन ते नंबर बघून यायचे.