ऑलमोस्ट फुल चालतं, मग ऑलमोस्ट टॉल का नाही?
इंग्रजीत 'ऑलमोस्ट' लावायच्या आधी एवढंच बघा की त्या विशेषणाला शेवटचं टोक आहे का. फुल, एम्प्टी, ड्राय यांना आहे, बाटली काठोकाठ भरली की संपलं, म्हणून ऑलमोस्ट फुल एकदम बरोबर, पण टॉलला असं टोकच नाही, कितीही उंच असलं तरी त्याहून उंच असू शकतं, त्यामुळे ऑलमोस्ट टॉल कानाला खटकतं, तिथे फेअरली टॉल म्हणा. डाउट असेल तर कम्प्लीटली लावून बघा, कम्प्लीटली ड्राय जमतं ना? मग ऑलमोस्टपण जमेल.

'अगदी बेतात' अशा अर्थाच्या 'ऑन द व्हर्ज ऑफ'पुढे मात्र विशेषण नकोच, नाम किंवा आयएनजीवालं रूप घ्या, जसं ऑन द व्हर्ज ऑफ टिअर्स. 'जवळजवळ तसंच' अशा अर्थाच्या 'बॉर्डरिंग ऑन'ला नामच सेफ, पण बॉर्डरिंग ऑन रूड असंही सर्रास म्हणतात आणि मला ते आवडतं.